जुना मिरजेचा तानपुरा : खरा कसा ओळखावा, किंमत कशी ठरवावी?

मिरज : शास्त्रीय गायन शिकणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली मोठी खरेदी बहुधा तानपुऱ्याची असते. नवे वाद्य आवाक्याबाहेरचे वाटले की जुन्याचा शोध सुरू होतो आणि विक्रेता हमखास एक ग्वाही देतो, ती म्हणजे हे वाद्य मिरजेचे आहे. ही ग्वाही खरी आहे का आणि खरी असली तरी मागितलेली रक्कम रास्त आहे का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाली की फसगत होते.

नावाला मोल का?

मिरजेत तंतुवाद्ये घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आली आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांनी ती सुरू केली आणि फरीदसाहेब सितारमेकर यांचे नाव तिचे प्रवर्तक म्हणून घेतले जाते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावी स्थायिक झाले होते. गवई आणि कारागीर यांच्या या शेजारातून मिरजेच्या तानपुऱ्याचा लौकिक देशभर पसरला. त्याचा फायदा घेऊन इतरत्र बनलेली वाद्येही मिरजेच्या नावाने विकली जाऊ लागली. येथील कारागिरांची ही जुनी तक्रार आहे.

मानांकन काय सांगते?

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या कायद्यानुसार असे नाव नोंदणीकृत उत्पादक आणि अधिकृत वापरकर्ते यांनाच वापरता येते. खोट्या वापरासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

मात्र जुन्या वाद्याच्या खरेदीत या मानांकनाची मर्यादा ओळखली पाहिजे. १९८० च्या सुमारास घडलेल्या तानपुऱ्यावर मानांकनाची मूळ खूण असणे शक्यच नाही. ती दिसली, तर एक तर वाद्याचे वय खोटे आहे किंवा खूण मागाहून चिकटवलेली आहे. शिवाय मानांकन वाद्य कोठे घडले हे सांगते. आज ते कोणत्या अवस्थेत आहे, हे सांगत नाही.

कारागिराच्या नावाच्या पट्टीचेही तसेच. ‘गिब्सन’ कंपनीने १९५८ मध्ये बाजारात आणलेल्या ‘ईएस-३३५’ या अर्धपोकळ गिटारला निदान कारखान्याचा अनुक्रमांक असतो, तरीही तिच्या नकला निघतात. हाताने घडवलेल्या जुन्या तानपुऱ्याला सहसा असा क्रमांक नसतो आणि पट्टी एका वाद्यावरून काढून दुसऱ्यावर लावता येते. त्यामुळे पट्टीवर ज्या घराण्याचे नाव आहे, त्याच कार्यशाळेला वाद्य किंवा त्याची जवळून काढलेली छायाचित्रे दाखवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. घडणीतील हात तेथील जाणकार ओळखतात.

तपासणी कशी करावी?

पाहणी भोपळ्यापासून सुरू करावी. मिरजेच्या वाद्यांसाठी भोपळे मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढा परिसरातून येतात. नैसर्गिक भोपळा पूर्णपणे गुळगुळीत नि समप्रमाण नसतो. जुन्या वाद्यावर एकाच भागी ताजे पॉलिश दिसले, तर खाली भरलेली चीर असण्याची शक्यता असते. बोटाने हलके ठोकत गेल्यास चीर असलेल्या जागी आवाज बद्द येतो.

पुढे गळा, म्हणजे भोपळा आणि दांडी यांचा सांधा पाहावा. तारांचा सततचा ताण येथे येतो. दांडी डोळ्यांच्या रेषेत धरून ती पुढे वाकली आहे का, हे तपासावे. घोडीखाली तबली खचली असेल, तर दुरुस्ती खर्चिक ठरते. खुंट्या फिरवून त्या सुरावर टिकतात का, तेही पाहावे.

घोडीवर तारांनी पाडलेल्या चऱ्या पाहून मात्र बिचकू नये. वापराने जवारी उतरते आणि जाणकाराकडून ती पुन्हा काढून घेता येते. हा देखभालीचा भाग आहे. विक्रेत्याने तो लपवण्याचे किंवा खरेदीदाराने त्यावरून वाद्य नाकारण्याचे कारण नाही.

शेवटची कसोटी कानाची. वाद्य आपल्या पट्टीत लावून किमान पंधरा मिनिटे छेडावे. जवारी नीट असेल, तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या पट्टीचे तानपुरे आकाराने वेगळे असतात. काळी एकसाठी घडवलेले मोठे वाद्य काळी चारपर्यंत ओढले, तर तारा तुटतात आणि तबलीवर ताण येतो. स्वस्तात मिळाले म्हणून दुसऱ्या पट्टीचे वाद्य घेणे महागात पडते.

रास्त किंमत कोणती?

जुन्या तानपुऱ्याचा ठरलेला दर नाही. पण हिशेबाची रीत आहे. त्याच आकाराच्या आणि घडणीच्या नव्या वाद्याचा भाव मिरजेतील कार्यशाळेकडून विचारावा. त्यातून जवारी, खुंट्या, तारा यांचा खर्च वजा करावा. गळा, तबली किंवा भोपळा यांत दोष असल्यास दुरुस्तीचा अंदाज कारागिराकडून घेऊन तोही वजा करावा. नवा भोपळा बसवावा लागणार असेल, तर जुने वाद्य बहुधा किफायतशीर राहत नाही.

नक्षीकाम डोळ्यांना सुखावते. आवाजाशी त्याचा संबंध नाही. नुसते वयही किंमत वाढवत नाही. एखाद्या थोर गायकाचे वाद्य असल्याचा दावा असेल, तर छायाचित्र, पत्र किंवा जुनी पावती मागावी. पुरावा नसेल तर त्या गोष्टीसाठी वेगळे पैसे मोजू नयेत. हाच हिशेब विकणाऱ्याच्याही उपयोगाचा आहे. आजीचा तानपुरा माळ्यावरून काढून जुन्या सामानाच्या भावात देणाऱ्या कुटुंबाने आधी तो एकदा कारागिराला दाखवावा.

कायद्याची एक बाजूही लक्षात ठेवावी. काही जुन्या वाद्यांवर हस्तिदंताचे काम आढळते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि त्यातील दुरुस्त्यांनुसार हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे. तशी शंका आल्यास व्यवहार थांबवून वनविभागाकडे विचारणा करावी.

व्यवहार ठरला की वाद्याचे वर्णन, सांगितलेले मूळ, ज्ञात दोष आणि रक्कम लिहिलेली सहीची पावती घ्यावी. जे तोंडी सांगितले, ते लिहून देण्यास विक्रेता कचरत असेल, तर खरेदीदाराला त्यातूनच उत्तर मिळते.