यंत्राची रेषा, माणसाचा शब्द

ताम्रपत्रावर सुईने कोरलेली रेषा छापखान्यातील प्रत्येक दाबागणिक थोडी थोडी झिजत जाते, आणि त्यामुळे जुन्या मुद्राचित्रांच्या प्रती मर्यादित राहण्यास कलावंताच्या इच्छेपेक्षा धातूचा स्वभावच अधिक कारणीभूत होत असे. चित्राखालच्या समासात पेन्सिलीने लिहिलेला ७/५० हा अंक, म्हणजे पन्नासांपैकी सातवी प्रत, हा एका अर्थी त्या झिजेचाच हिशेब होय. परंतु ज्या चित्राचे मूळ ताम्रपत्र नसून संगणकाला दिलेली नियमावली आहे, त्याचे काय? नियम झिजत नाही. हजाराव्या खेपेसही तो पहिल्याइतकाच ताजा असतो. असे असता प्रतींना मर्यादा कोठून येते, हा प्रश्न अल्गोरिदमच्या साहाय्याने रचलेल्या अमूर्त मुद्राचित्रांपाशी प्रथम उभा राहतो, आणि या कलेचे मर्म, माझ्या मते, त्याच्याच उत्तरात आहे.

फेब्रुवारी १९६५ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे, तत्त्वज्ञ माक्स बेन्झे यांच्या पुढाकाराने, गेओर्ग नेस या गणितज्ञाची संगणकाने काढलेली रेखाचित्रे मांडण्यात आली. ती ज्याने कागदावर उतरविली तो कोनराड त्सुझे यांचा ‘ग्राफोमाट’ हा नकाशे आणि जमीनमोजणीच्या कामी येणारा प्लॉटर होता. फितीवरील हुकूम वाचावा आणि मेजावरच्या कागदावर शाईची लेखणी त्याबरहुकूम सरकवावी, एवढेच त्याचे काम. प्रदर्शनास आलेले चित्रकार संतप्त झाले. त्यांच्यापैकी एकाने नेस यांना विचारले की, माझ्या हाताचे वळण तुमचे यंत्र गिरवील काय. त्यावर नेस म्हणाले की, ते वळण कसे घडते हे आपण मला नेमके सांगितलेत, तर अवश्य गिरवील. या उत्तरात मला उद्धटपणा दिसत नाही. आपला हात काय करतो हे संदिग्धता न ठेवता मांडणे अत्यंत दुष्कर असते, आणि संगणकाने चित्रे रचणाऱ्या कलावंतांनी आयुष्यभर पत्करलेले काम तेच होते.

नेस यांचे ‘शोटर’, म्हणजे खडी, हे १९६८ च्या सुमाराचे चित्र सावकाश पाहण्याजोगे आहे. उभट कागदावर आडवे १२ आणि उभे २२ असे सारख्या मापाचे चौकोन मांडलेले. वरची ओळ एखाद्या दफ्तरातील तक्त्यासारखी सरळ, पण जसजसे खाली यावे तसतशी प्रत्येक चौकोनाला वळण्याची आणि जागेवरून सरकण्याची मुभा वाढत गेलेली, आणि त्या मुभेच्या हद्दीत कोणी किती ढळावे हे यदृच्छेने निघालेल्या संख्यांनी ठरविलेले. तळाशी पोहोचेपर्यंत सारेच चौकोन एकमेकांवर कोसळलेले. नजर अडखळते ती मधल्या ओळींवर, जेथे शिस्त पुरती सुटलेली नाही आणि गोंधळ पुरता माजलेला नाही. यदृच्छा यंत्राची खरी, पण तिला कोठे आणि किती मोकळीक द्यावी हा निर्णय सर्वस्वी नेस यांचा.

प्लॉटरने काढलेला कागद एकुलता एक. तो अनेकांच्या हाती जावा म्हणून स्क्रीन प्रिंटिंगने प्रती काढण्याची तजवीज होऊ लागली. कॅनडातील माँट्रियल येथून १९७२ साली निघालेल्या ‘आर्ट एक्स माकिना’ या संचात नेस यांच्यासह फ्रीडर नाके, मान्फ्रेड मोर, हिरोशी कावानो, केन नोल्टन आणि मान्युएल बार्बादिल्यो अशा सहा जणांची सहा मुद्राचित्रे होती, आणि संचाच्या प्रती २००. ही संख्या म्हणजे कलावंताने रसिकास लिहून दिलेली कबुलायत आहे : आज्ञावली माझ्या दफ्तरी शाबूत आहे, मनात आणले तर उद्या दोनशे एकावी प्रत निघेल, परंतु ती मी काढणार नाही. धातूने पूर्वी जे सक्तीने करविले ते येथे माणूस स्वखुशीने करतो, आणि म्हणूनच हा संयम मला ताम्रपत्राच्या झिजेहून मोलाचा वाटतो. २०२३ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी, याच परंपरेतील चित्रकार व्हेरा मोल्नार यांनी मार्टिन ग्रासर यांच्या सहकार्याने एकाच आज्ञावलीतून निघालेली परस्परभिन्न अशी ५०० अंकीय चित्रे विक्रीस आणली. तेथेही यंत्र थकले नव्हते, ५०० वर थांबावयाचे हे ठरलेले होते.

म्हणून असे चित्र विकत घेणाऱ्याने समासातील अंक वाचून थांबू नये. आज्ञावली कोणाची, मूळ कोणत्या यंत्राने उतरले, छापले कोणी, आणि पुढील प्रतींविषयी कलावंताचा लेखी करार काय, हे विचारून घ्यावे. ज्यांना केवळ पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी, नेस आणि नाके या दोघांचीही मुद्राचित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जतन केलेली आहेत.