लीक लावायचंय? उसाची भरणी बघितली असेल, तर निम्मं काम तुम्हाला आधीच येतंय

इन्स्टावर हल्ली एक रील फिरत असतं. परसात उभा राहिलेला एक गोरा माणूस मातीतून मनगटाएवढी जाड, पांढरीशुभ्र कांद्याची पात उपसतो. खाली कमेंटमध्ये आपली मंडळी विचारतात, "हे आपल्याकडं येईल का?"

त्या पातीचं नाव लीक. कांदा-लसणाच्याच घरातली भाजी, पण खाली गड्डा धरत नाही. खायचा असतो तो पानांच्या गुंडाळीचा पांढरा दांडा. चव कांद्यासारखीच, पण सौम्य आणि गोडसर. युरोपात सूपला हीच लागते आणि वेल्समध्ये तर लीक हे राष्ट्रीय चिन्ह आहे.

आता प्रश्न असा, की हे पलूस तालुक्यातल्या कुंडलसारख्या गावात येईल का?

कुंडल म्हटलं की क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आठवतं. शेतीचं म्हणाल तर आजूबाजूला ऊस आणि द्राक्ष. इथं लीक हे नाव नवं असलं, तरी ते पिकवायची मुख्य युक्ती गावात घराघरांत माहीत आहे. ती म्हणजे भरणी.

पांढरा दांडा येतो कुठून?

ऊस चार-पाच महिन्यांचा झाला की बुडाला मातीची भर लावतात. त्यानं ऊस लोळत नाही आणि उशिरा येणारे फुटवे थांबतात. लीकलाही भरच लावायची, फक्त कारण वेगळं. मातीखाली गेलेल्या भागाला ऊन लागत नाही, म्हणून तिथं हिरवा रंग तयार होत नाही. तो भाग पांढरा आणि कोवळा राहतो. भर लावलीच नाही, तर हातात येते ती चिवट हिरवी पात.

मग लोकांचं चुकतं कुठं?

कॅलेंडरमध्ये. इंग्लंडमधले व्हिडिओ सांगतात की बी मार्चमध्ये टाका. तिकडं तेव्हा थंडी ओसरत असते, आपल्याकडं मार्चमध्ये ऊन तापायला लागतं. लीकला १५ ते २५ अंशांची हवा मानवते. तेव्हा मार्चचं बी म्हणजे रोपं ऐन मे महिन्यात होरपळणार आणि दोन-तीन महिन्यांची मेहनत वाया.

आपल्याकडं बी टाकायचं ते सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. युरोपातल्या कांद्याच्या बऱ्याच जातींना गड्डा धरायला १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. कुंडलला जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा साधारण १३ तासांचा. म्हणून तिकडचं कांद्याचं बी इथं फसतं. लीकला गड्डाच धरायचा नसल्यामुळं ही अडचण येत नाही.

लावायचं कसं?

१. बी ताजंच घ्या. कांद्यासारखंच लीकचं बीही वर्ष-दोन वर्षांत उगवण गमावतं. पाकिटावरची तारीख बघा. घरी बी धरता येईल या भरवशावर राहू नका. लीक फुलायला लांबलचक थंडी लागते, ती आपल्याकडं नसते.

२. ट्रेमध्ये किंवा पसरट कुंडीत एक सेंटिमीटर खोल बी टाका. दहा-पंधरा दिवसांत उगवतं. माती ओलसर ठेवा, पण पाणी साचू देऊ नका, नाहीतर रोपं बुडात कुजतात.

३. साधारण दोन महिन्यांत रोप पेन्सिलीएवढं होतं. तेव्हा दीड फूट उंचीची ग्रो बॅग घ्या आणि ती निम्मीच भरा. नुसती काळी माती भरलीत तर ती आवळून बसते. म्हणून माती, कुजलेलं शेणखत आणि वाळू सारखीच घ्या.

४. काठीनं चार-पाच इंच खोल भोक पाडा, त्यात रोप सोडा आणि वरून पाणी घाला. माती दाबू नका. पाण्याबरोबर येते तेवढी पुरते. दोन रोपांत चार ते सहा इंच अंतर ठेवा.

५. महिन्याभरानं भरणी सुरू करा. दर पंधरा दिवसांनी दोन-दोन इंच माती वाढवा. पानं जिथं फाकतात, त्याच्या वर माती जाऊ देऊ नका. आत गेलेली माती पुढं जेवताना दाताखाली येते. वरून उसाचं पाचट पसरा, ओल टिकते.

पाणी आणि कीड

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी क्षारपड जमिनीचं दुखणं जुनं आहे. तेच कुंडीतही होऊ शकतं. बोअरचं खारट पाणी रोज घातलं की मातीवर पांढरा थर दिसतो आणि रोप खुरटतं. बॅगेला खाली भोकं ठेवा आणि अधूनमधून गोडं पाणी भरपूर सोडून क्षार खाली निघू द्या.

पानांवर चंदेरी चट्टे दिसले तर ते फुलकिडे, कांद्यावर येतात तेच. सुरुवातीलाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारा.

काढायचं कधी?

दांडा अंगठ्याएवढा झाला की. फेब्रुवारीपासून लागतील तसे काढा आणि मार्चअखेर बॅग रिकामी करा. रीलमधल्या मनगटाएवढ्या जाडीची अपेक्षा ठेवू नका. तिकडं त्याला महिनोन्‌महिने गारवा मिळतो, आपल्याकडं थंडीचे जेमतेम तीन महिने.

आणि तो दुसरा व्हायरल जुगाड, विकतच्या लीकचं मूळ पाण्यात ठेवायचं? त्यातून हिरवी पात फुटते, नवा जाड दांडा येत नाही.

काढलेला लीक उभा चिरून पाकळी-पाकळी धुवा, माती आतच अडकलेली असते. सूप करायलाच हवं असं काही नाही. पातीच्या कांद्याचा झुणका करता, तसाच याचा करा. फक्त बेसन घालायच्या आधी दांडा थोडा जास्त वेळ परता, मऊ पडायला त्याला वेळ लागतो.

पहिल्या वर्षी एकच बॅग लावा आणि सप्टेंबरची आठवण आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा.