मुक्कामाची जागा रात्रीसाठी निवडा

पाऊस पडून सातपुड्याचे उतार हिरवे झाले, की अमरावती-अकोल्याची कुटुंबेच्या कुटुंबे चिखलदऱ्याच्या वाटेला लागतात. अकोट भागातली मंडळी नरनाळ्याच्या पायथ्याशी शहानूरला जातात, तर कोणी सेमाडोह-कोलकास गाठतात. अलीकडे एक नवी हौस आली आहे. लॉजवर न उतरता तंबूत राहायचे, नाहीतर भाड्याच्या गाडीतच गाद्या टाकून झोपायचे. राज्य शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे, म्हणजे राहण्याझोपण्याची सोय असलेल्या गाड्यांचे, धोरण आणले. या हौसेला माझा विरोध नाही. पण सहलीहून परतलेले रुग्ण तपासताना माझ्या लक्षात आले आहे, की जागा ठरवताना बहुतेकांनी दरी दिसते का, धबधबा जवळ आहे का, एवढेच विचारलेले असते. दरी दिवसा पाहायची असते. त्या जागी आपण राहणार असतो ते रात्री, आणि सोबत लहान लेकरे व म्हातारी माणसे असतात.

रात्रीचा पहिला धोका म्हणजे साप. त्यातही मण्यार. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा इतका बारीक असतो, की पुष्कळदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि घरचे लोक रात्रीच्या जेवणाला दोष देत बसतात. म्हणून खाट किंवा पलंग मिळेल तीच जागा घ्यावी आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचाव्यात. मच्छरदाणी डासांसोबत सापालाही अडवते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तंबूच घ्यायचा तर तो खालून शिवलेला आणि चेन नीट लागणारा असावा. गवत, दगडांचे ढीग आणि सरपणाचे भारे यांपासून तो दूर लावावा. रात्री उठावे लागले तर बॅटरी घेतल्याशिवाय पाय खाली टाकू नये. संडास किती अंतरावर आहे, हे विचारायला लाजू नका.

साप चावलाच तर आवळून बांधणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता रुग्णाला थेट सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते, तेव्हा साप पकडून आणण्याची गरज नाही. आता प्रश्न येतो अंतराचा. घाटातले अंधारातले, धुक्यातले किलोमीटर आणि अमरावतीच्या सडकेवरचे किलोमीटर सारखे नसतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे, पण मेळघाटात प्रत्येक वळणावर फोन लागेलच असे नाही. म्हणून जागा नक्की करण्याआधी तेथील माणसाला सरळ विचारावे, की लस असलेला जवळचा दवाखाना कोणता आणि रात्री तेथे पोचायला किती वेळ लागतो. त्याला उत्तर देता आले नाही, तर ती जागा सोडून द्यावी. घरात तान्हे बाळ, दम्याचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर माझे स्पष्ट मत आहे, की मुक्काम चिखलदरा गावात किंवा खाली परतवाड्यालाच करावा.

दुसरा धोका थंडीच्या दिवसांत असतो. चिखलदरा सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथील गारठा आपल्याला सोसत नाही, आणि मग कोणीतरी पेटती शेगडी खोलीत किंवा तंबूत आणतो. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज जीवघेणा आहे. लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोके दुखते, गुंगी येते आणि झोपलेले माणूस उठत नाही. इंजिन चालू ठेवून, एसी लावून बंद गाडीत झोपणेही त्याच कारणाने टाळावे. शेकोटी बाहेरच करावी. आत मात्र जादा गोधडी असावी.

पाण्याबाबत आपल्या भागाची एक गंमत आहे. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातला माणूस डोंगरात गेला आणि झऱ्याचे गोड पाणी जिभेला लागले, की तो ओंजळीवर ओंजळ पीत सुटतो. गोड पाणी स्वच्छ असतेच असे नाही. वरच्या अंगाला गुरे बसतात, माणसेही बसतात. पावसाळ्यात ते सगळे झऱ्यातच येते. पाणी उकळून प्यावे, किंवा क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. हगवण लागलीच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे.

सिपना नदीच्या पात्रातली वाळू मुलांना आवडते, पण तंबू तेथे नको. वर कोठे पाऊस झाला तर खाली आकाश निरभ्र असतानाही पाणी चढते. शिवाय व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वाटेल तेथे तंबू ठोकता येत नाही. वनखात्याच्या निवासाची नोंदणी आधी करून ठेवावी.

मेळघाटात मलेरिया आहे. त्याचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणून तेवढा वेळ तरी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. ताप लगेच येत नाही. आठ-पंधरा दिवसांनी येतो, एका प्रकारात तर काही महिन्यांनीही. तोवर सहल विसरलेली असते. गवतात बसल्याने होणारा स्क्रब टायफसही याच जातीचा. २०१८ साली विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. त्यात काखेत, जांघेत किंवा कमरेवर काळी खपली दिसते, ती दुखत नाही. परतल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना केवळ ताप आहे असे न सांगता मेळघाटात मुक्काम कधी आणि कोठे केला होता हेही सांगावे, आणि अशी खपली असेल तर ती दाखवावी.