पापणी उतरली, दुखणे मानेत

मध्यंतरी एक पन्नाशीचे गृहस्थ आले. दोन दिवस डोळ्यात थेंब घालून झाले होते. ‘डॉक्टरसाहेब, डावा डोळा बारीक दिसतो. घरचे म्हणतात, जागरण झालं असेल.’ पापणी जेमतेम दोन मिलिमीटर उतरली होती. डोळा लाल नव्हता, दिसतही स्वच्छ होते. मी खिडकी लावून खोलीत अंधार केला, तेव्हा उजवी बाहुली मोठी झाली; डावी मात्र बारीकच राहिली.

‘मान दुखते का?’ मी विचारले. दुखत होती, डाव्याच बाजूला. चार दिवसांपूर्वी दाढी झाल्यावर त्यांनी मान कडकन मोडून घेतली होती.

बाहुली मोठी करणे आणि पापणी थोडी उचलून धरणे हे काम सिम्पथेटिक, म्हणजे अनुकंपी मज्जातंतूंचे. त्यांचा रस्ता भलताच लांबचा. मेंदूतून निघून ते मज्जारज्जूतून छातीपर्यंत उतरतात, फुप्फुसाच्या शेंड्याजवळून पुन्हा मानेत चढतात आणि जबड्याच्या कोनाजवळच्या एका गाठीपाशी येतात. पुढे मांडवाच्या खांबावर वेल चढावी तशी त्यांची जाळी मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीला वेढत कवटीत शिरते. गालावर घाम आणणारे तंतू मात्र चेहऱ्याच्या रोहिणीवरून जातात. म्हणून या गृहस्थांच्या दोन्ही गालांवर घाम सारखाच होता, आणि माझा संशय मेंदूकडच्या रोहिणीवर गेला.

मानेला हिसका बसून कधीकधी या रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर जाते. भिंतीत रक्त शिरून ती फुगते आणि भोवतालची जाळी दाबली जाते. पापणीचे एक वेळ सोडा. चिरेपाशी झालेली रक्ताची गुठळी मेंदूत गेली, तर अर्धांगवायू होतो. गृहस्थांना त्याच दिवशी तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवले. चीर निघाली. औषधांनी ते बरे आहेत, बाहुली अजून थोडी लहान आहे.

स्विस नेत्रतज्ज्ञ हॉर्नर यांनी १८६९ मध्ये या लक्षणांचे वर्णन केले, त्यांचेच नाव या विकाराला आहे. फुप्फुसाच्या शेंड्यावर कर्करोगाची गाठ झाली तरी डोळा असाच दिसतो. तेव्हा विडी ओढणाऱ्याचा खांदा आणि दंड दुखत असेल, तर छातीचा फोटो काढावाच.

काहींचे डोळे मुळातच लहानमोठे असतात. शंका आली तर जुना फोटो काढून पाहावा. फरक नवा असेल आणि त्याच बाजूची मान किंवा डोके दुखत असेल, तर थेंब घालत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.