कॅटामरानवर जंक शीड: डोलकाठ्या दोन का?
जंक म्हणजे आडव्या काठ्यांनी कप्पे पाडलेले चिनी शीड. डोलकाठीला ताणदोर नसतात. तिचा बुंधा डेक आणि तळ या दोन ठिकाणी आवळलेला असतो. ब्लाँडी हॅस्लर यांनी १९६०च्या एकट्याने करायच्या अटलांटिक शर्यतीत ‘जेस्टर’ या होडीवर हे शीड वापरले; ४८ दिवस, दुसरा क्रमांक. पण ‘जेस्टर’ एकसांगाडी. अशी होडी झोतात कलते, डोलकाठीवरचा भार हलका होतो. दोन सांगाड्यांची रुंद कॅटामरान फारशी कलत नाही. भार बुंध्यावरच येतो आणि सांगाडे जोडणाऱ्या मधल्या पुलाला तो पेलण्याइतकी खोली नसते. म्हणून प्रत्येक सांगाड्यात एक डोलकाठी हाच सयुक्तिक मार्ग. पीट हिल यांच्या ‘चायना मून’ या कॅटामरानवर तोच होता. दोन डोलकाठ्यांनी वजन वाढते, हा आक्षेप खरा. मात्र ताणदोर जातात आणि वारा वाढताच शीड कप्प्याकप्प्याने उतरवता येते. सपाट शीड वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जाताना मंद चालते; म्हणून कप्पे फुगवटा देऊन शिवावेत.