दप्तराबाहेरची खोली

सात-बाराच्या उताऱ्यावर जमिनीचे क्षेत्र असते, आकार असतो, पीकपाणी असते, सोसायटीचा बोजाही असतो. परंतु त्या क्षेत्रावर माती किती हात खोल आहे, हे सांगणारा रकाना त्यात नाही. यामुळे अतिवृष्टीने वीतभर माती एका रात्रीत ओढ्याला मिळाली, तरी कागदोपत्री शेतकऱ्याचा एक गुंठाही उणा होत नाही; तो स्वतः मात्र सकाळी शेतात उतरतो, तेव्हा काल जेथे सोयाबीन उभे होते तेथे त्याच्या पायाला मुरूम लागतो.

ही खोली सरकारला कधी दिसलीच नव्हती, असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्याच्या पैमाईशीची जी पद्धत घातली, तीत मातीचा रंग व खोली पाहून जमिनीची प्रतवारी ठरे आणि त्या प्रतवारीच्या आण्यांवर सारा बसे. खोलीच्या पोटातून आकार जन्मला. पुढे आकार तेवढा दप्तरात राहिला आणि खोली निसर्गाच्या हवाली झाली.

महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, की त्यास अतिवृष्टी म्हणतात. हा आकडा वाचताना लहान वाटतो; पण 65 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरावर साडेसहा लाख लिटर पाणी, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे सामर्थ्य कळते. टपोरा थेंब उघड्या रानावर आपटला, की ढेकूळ फुटते, सुटलेले सूक्ष्म कण मातीची छिद्रे बुजवितात, आणि भिजून फुगलेल्या काळ्या जमिनीच्या भेगा आधीच मिटलेल्या असल्याने पाण्याला मुरण्यास वाट उरत नाही. मग ते उताराने निघते. प्रथम वरचा पोयटा पातळ थराने धुऊन नेते, पुढे ओघळी पाडते, आणि ओघळी एकवटल्या म्हणजे घळ होते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून वरच्या शेतात बोटभर असलेली ओघळ खालच्या शेतात पुरुषभर खोल झालेली आढळते. एका हेक्टरावरून एक सेंटिमीटर माती गेली, तर ती भरते सुमारे सव्वाशे टन. आणि तेवढा थर नव्याने घडण्यास शतके लागतात.

सन 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात व सोलापूर जिल्ह्यात असंख्य शेते अशीच खरडून गेली. त्यानंतर राज्य शासनाने अशा जमिनीस हेक्टरी 47,000 रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतचे काम जाहीर केले. पिकाचा पंचनामा आणि मातीचा पंचनामा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून निदान मान्य झाले. कारण बुडालेले पीक पुढल्या हंगामात पुन्हा उभे राहते, परंतु तळ्यातला गाळ ओढून, ताग-धैंचा गाडून खरडलेले रान पूर्वपदावर आणण्यास वर्षे खर्ची पडतात.

महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना, सरकारने फौजेतील व पोलिसांतील माणसे लावून जागोजाग ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरून मग ओढ्यास मिळेल, अशी सूचना केली होती. तिचे मर्म आजही पुसले गेलेले नाही. नांगरट व पेरणी उताराला आडवी असावी, बांधावर हराळी किंवा वाळा रुजलेला असावा, आणि मुख्य म्हणजे बांधाला दगडी सांडवा असावा. कारण पुष्कळदा बांध पावसाने फुटत नाही, तर तुंबलेल्या पाण्याला रीतसर वाट न ठेवल्याने माथ्यावरून ओसंडून फुटतो, आणि मग एकाचा फुटलेला बांध खालच्या चौघांची ताली घेऊन जातो.

मातीच्या खोलीचे दप्तर कोणत्याही चावडीत नाही. ते बांधाच्या रूपाने शेतातच उभे आहे, आणि मृगापूर्वी एकदा पहार व फावडे घेऊन ते ज्याचे त्यानेच तपासावयाचे असते.