भिंत पडली तरी घर उभे

मुलुंडला पाच रस्त्याच्या आसपास कुठेही मान वर केली की अर्धवट इमारत दिसते. आधी खांब, मग तुळया, वर छत. भिंती सगळ्यात शेवटी, जणू आठवण झाली म्हणून. सिमेंट-सळईचा हा सांगाडा आपल्याला नवा वाटतो, पण पेशवाईतल्या सुताराला त्यात नवल वाटले नसते. त्याचा सांगाडा सागवानी होता, एवढाच फरक.

पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा पाहताना डोळे सुरूच्या आकाराच्या खांबांवर आणि केळफुलांच्या नक्षीवरच खिळतात. पण खरी करामत खांबाच्या पायाशी आहे. खांब जमिनीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर ठेवत, म्हणजे ओल आणि वाळवी लांब राहते. तुळईच्या टोकाचे कुसू खांबाच्या भोकात ठोकून बसवायचे. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. घराचे माप याच खणांत सांगत, फुटांत नव्हे.

इंग्लंडच्या चेशायरमधला लिटल मॉर्टन हॉल याच कुळातला. ओकचा सांगाडा, मधल्या चौकटींत काड्यांवर लिंपलेली माती. कोकणातल्या माणसाने बघितले तर म्हणेल, हा तर आपला कूड! पुढे मालकांनी माथ्यावर लांबलचक दालन चढवले आणि दगडी फरश्यांचे छप्पर घातले. त्या ओझ्याने घर वाकले, पण मोडले नाही. लाकूड लवते, कुसू थोडे सरकते.

हेच लवणे मराठवाड्यात दिसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि माणसे त्यांखाली गाडली गेली. पण बऱ्याच घरांत लाकडी खांब माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, ओझे पेलून तसेच उभे होते. घात भिंतींनी केला.

सांगाड्याचा वैरी मात्र आग. १८२८ साली पुण्यातला शनिवारवाडा जळाला. उरले दगडी जोते, तट आणि दरवाजे. विश्रामबागवाड्यालाही १८७९ साली झळ लागली.

आता वाडे पाडले की सागवान बाजारात येते. मुलुंडमधल्या एका ओळखीच्या घरी जेवणाचे टेबल जुन्या तुळईचे आहे. कडेचे चौकोनी भोक सुताराने बुजवले नाही. धाकटी लेक त्यात पेन्सिली उभ्या करते.